बंद नाकाने केलेला गोडा मसाला

नाक चोंदलं म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो, हे मला मुळात पटायचंच नाही. नारायण पेठेत आम्ही राहतो त्या इमारतीत अकरा बिऱ्हाडं आहेत, आणि त्यातल्या कुणाचंही मूल शिंकलं की त्याची आई आधी माझ्या दारात यायची. मी तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडी बांधून द्यायचे, काढा सांगायचे आणि वर चार शब्द ऐकवायचे. "गोळ्या कसल्या देता हो ऊठसूट? सर्दी म्हणजे काय आजार आहे?" कुणी विचारलं नाही तरीही ऐकवायचे. तो माझा स्वभावच आहे.

माझं नाव विद्या, वय अठ्ठावन्न. ज्या डॉक्टरीणबाईंनी मला बरं केलं, म्हणजे जेवढं केलं तेवढं, त्या म्हणाल्या, "तुमच्यासारख्या पुष्कळ बायका येतात, नाकाचं पार वाटोळं करून. लिहा तुम्ही. निदान वाचतील तरी." ते ‘तुमच्यासारख्या’ मला चांगलंच झोंबलं. पण लिहायला बसले.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी गोडा मसाला करून विकते. बावीस वर्षं झाली. दुकान नाही, पाटी नाही, घरूनच. मापं ठरलेली आहेत, पण खरं काम भाजण्याचं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि झाला की नाही ते नाकाने ठरवायचं. धन्यांचा कच्चट वास जातो, मग एक गोडसर, उबदार वास सुटतो, आणि तो सुटला की दोन-चार वेळा हलवून कढई उतरवायची. दगडफुलाचं काम तर याहून नाजूक. घड्याळ लावून मसाला भाजणाऱ्या बायकांना मी हसायचे. माझे यजमान बँकेतून निवृत्त झाल्यापासून भाजलेला मसाला गिरणीतून दळून आणायचे, पुड्या भरायचे, फोन घ्यायचे आणि स्कूटरवरून घरोघर पोचवायचे. भाजणं मात्र माझं. कढईला मी दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नाही.

काढे, लेप आणि एक छोटी बाटली

सुरुवात नक्की कधी झाली ते सांगता येत नाही. एका हिवाळ्यात सर्दी झाली ती गेलीच नाही. नाक बंद. घशात मागून सारखं काहीतरी उतरतंय. सकाळी कपाळ आणि गालांची हाडं ठणकतायत. खाली वाकून झाडू उचलायचा म्हटलं तर डोकं जड होऊन डोळ्यांपुढे अंधारी यायची. इमारतीतल्या बायका म्हणाल्या, नाकाचं हाड वाढलं असेल. आमच्याकडे नाकाला काहीही झालं की हाडच वाढतं. मी म्हटलं, वाढू दे, काढ्याने बसेल खाली.

मग घरचे प्रयोग सुरू झाले. सकाळी आलं, तुळस, मिऱ्यांचा काढा. त्यावर डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ. कपाळावर सुंठ-वेखंडाचा लेप. तो एकदा इतका वेळ ठेवला की कातडी भाजली आणि भुवयांच्या मध्ये काळा डाग पडला. अजून आहे. टिकली जरा मोठी लावते, झालं. संध्याकाळी निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी. त्यासाठी हे मंडईत हिंडून कोळसा शोधून आणायचे. सुजलेल्या नाकात रोज धूर कोंडायचा, याला मी उपचार म्हणत होते! जलनेतीचं भांडंही आणलं. त्यात सरळ नळाचं पाणी, मीठ अंदाजाने. झणझणलं की म्हणायचे, वा, लागू पडतंय.

आणि एक बाटली. हे लिहायला लाज वाटते, पण तेच लिहायला बसलेय ना. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नाकात टाकायचे थेंब मिळतात. दोन थेंब टाकले की मिनिटभरात नाक मोकळं. त्याला मी औषध म्हणतच नव्हते. औषध म्हणजे गोळी. हे आपले नुसते थेंब. आधी फक्त झोपताना, मग सकाळ-संध्याकाळ, मग दर दोन-तीन तासांनी. उशीखाली एक बाटली, स्वयंपाकघरात एक, पर्समध्ये एक. शेजारणीला पुरचुंडी देऊन गोळ्यांवर व्याख्यान द्यायचं आणि दार लावून घेतलं की मान मागे टाकून थेंब सोडायचे, हा माझा दिनक्रम.

आमची मुलगी अनुजा हडपसरला राहते, आयटीत आहे. तिने एकदा पाहिलं. "आई, हे रोज नाही वापरायचं, सीरियसली. याने नाक अजून ब्लॉक होतं. तू ईएनटीला दाखव ना प्लीज."

"तू तुझ्या लॅपटॉपमध्ये लक्ष घाल," मी म्हटलं.

यांनीही तीन-चारदा सुचवून पाहिलं. त्यांना मी म्हटलं, "नाकात नळी घालून घ्यायची हौस नाही मला." मग हे गप्प बसले. हे गप्प बसतात हा यांचा सगळ्यात मोठा गुण, असं मी लोकांना कौतुकाने सांगायचे.

अगरबत्तीवाल्याशी भांडण

वास एका दिवसात जात नाही. तो असा हळूहळू सरकतो की आपल्याला दुसऱ्यांचाच दोष वाटतो. अगरबत्ती हलक्या प्रतीची देताय म्हणून मी दुकानदाराशी भांडले. मोगऱ्याला वास नाही म्हणून मंडईतल्या फुलवालीला सुनावलं. ती म्हणाली, "ताई, सगळा रस्ता घमघमतोय." मला वाटलं, काय उद्धट बाई आहे.

मग एक दिवस कढईत धने टाकले आणि हलवत राहिले. वास सुटेना. म्हटलं, धने जुने असतील. अजून हलवले. एकदम धूर वर आला, खाली बघते तर धने काळेठिक्कर. मला काहीच, अक्षरशः काहीच आलं नव्हतं. कढई खाली ठेवली आणि ओट्याला धरून उभी राहिले. आपलं संपलं, एवढंच डोक्यात आलं.

कुणाला सांगितलं नाही. यांना म्हटलं, फोनवर बोलत होते म्हणून करपले. त्यानंतर करपण्याची इतकी धास्ती बसली की जिन्नस लवकर उतरवायला लागले. रंग बघायचे, धना दाताखाली फोडून बघायचे. जिभेला तिखट, खारट, कडू कळत होतं, बाकी सगळा भुसा. पण तक्रार कुणाची आली नाही. आमटीत गूळ कणभर जास्त झाला तरी सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी आमची गिऱ्हाइकं, त्यातलं एकही बोललं नाही. मी रोज यांना विचारायचे, "कसा झालाय?" हे चिमूट हातावर घेऊन म्हणायचे, "फार छान झालाय." मला वाटलं, बावीस वर्षांचा हात आहे, नाकावाचून अडतंय कुणाचं? मी खूश होते. आज आठवलं की स्वतःच्या दोन मुस्कटात माराव्याशा वाटतात.

डावा डोळा

एका सकाळी उठले तर डावा डोळा उघडेना. अंगात ताप, अर्ध्या चेहऱ्यात ठणका. आरसा मागितला. हे आरसा घेऊन आले, माझ्याकडे बघितलं आणि तसेच आरसा घेऊन परत गेले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

अनुजा रिक्षा घेऊनच आली. मी म्हटलं, "थांब, जरा वाफ घेते, सूज उतरेल."

"आई, बास!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचं दार उघडलं. जन्मात ती माझ्यावर ओरडली नव्हती. मी निमूट चपला घातल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पापणी वर करून बॅटरी मारली, बोटं मोजायला लावली, डोळा फिरवायला लावला. मग यांना विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं," हे म्हणाले.

"मी दिवस विचारले."

"दोन वर्षंच, मॅडम."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांमधला पू डोळ्याकडे सरकलाय. आणखी एखाद-दोन दिवस घरी बसला असतात तर नजर वाचली असती की नाही, मी सांगू शकत नाही. लगेच ॲडमिट व्हायचं."

चार दिवस होते तिथे. हाताला सुई, ठरलेल्या तासांनी इंजेक्शन. सिस्टर दर थोड्या वेळाने यायची आणि बोटं दाखवायची. दिसतंय ना, याची ती तपासणी. मी इतकी घाबरलेली असायचे की दोन दिसली तरी नक्की दोनच ना, म्हणून थांबायचे. ती लातूरकडची होती, माझ्या अनुजाहून लहान. म्हणायची, "काकू, परीक्षा नाही ही. जेवढी दिसतात तेवढी सांगा." सुई बदलायची असली की आधी स्वतःचे हात चोळून गरम करायची आणि मगच माझा हात धरायची. त्या चार दिवसांत ते एक सुख होतं. पहाटे चहा आला की मी तोंड वाकडं करायचे, नुसतं गरम पाणी पितेय असं वाटायचं. ती म्हणायची, "गरम आहे ना? मग प्या." मी प्यायचे. आयुष्यात इतकं निमूटपणे मी कुणाचं ऐकलं नाही.

हाड वाढलेलं नव्हतं

सूज उतरल्यावर तिसऱ्या दिवशी नाकात बारीक नळी घातली. आधी फवारा मारून बधिर करतात, त्यामुळे दुखतं म्हणायला जागा नाही. जिची हौस नाही म्हणून दोन वर्षं काढली, ती नळी दोन मिनिटांत आत जाऊन बाहेर आली. समोरच्या पडद्यावर माझ्या नाकाच्या आतलं दिसत होतं. फिकट, ओलसर, सोललेल्या द्राक्षांसारखे गोळे खच्चून भरलेले.

"हे हाड नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं सुजून आतल्या अस्तराला कोंब आलेत. वास येतो का तुम्हाला?"

हे शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "येतो की."

त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि नाकाखाली काहीतरी धरलं. "काय आहे?"

मी जोर लावून श्वास ओढला. काही नाही. काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, "कापूर."

डोळे उघडले तर कॉफीची बाटली. यांच्याकडे बघितलं, हे फरशीकडे बघत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना धक्का बसला. धक्काबिक्का काही बसला नव्हता, ते नंतर कळलं.

मग यादी झाली. थेंब आजपासून बंद. त्यांनीच नाक आणखी सुजवलं होतं. धुरी बंद. कडकडीत वाफा बंद. नळाचं पाणी नाकात घालत होते म्हटल्यावर बाई खुर्चीत सरळ झाल्या. "ते तर अजिबात नाही. पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाच्या पाण्याने जिवावर बेतू शकतं." आता रोज दोन वेळा मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, ते मीठ मापाचं, पुडीतलं. त्यावर त्यांनी लिहून दिलेला स्प्रे. किती दिवस? तर दिवस मोजायचेच नाहीत. हा आजार आटोक्यात ठेवायचा असतो. जमलं नाही तर ऑपरेशन.

"म्हणजे घरगुतीच उपचार झाला की," मी म्हटलं. तशाही अवस्थेत जीभ गप्प बसत नव्हती.

"घरगुतीच," त्या म्हणाल्या. "फक्त विचारून केलेला."

शेवटी वासाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "थोड्या दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या देते. त्याने वास येईल कदाचित. पण हुरळून जाऊ नका. त्या फार दिवस देता येत नाहीत, आणि थांबवल्यावर वास टिकेलच असं नाही."

जिन्यातलं फिनेल

घरी आल्यावरचे पहिले दिवस थेंबांवाचून काढले, ते वैऱ्यावर येऊ नयेत. नाक ठार बंद, तोंडाने श्वास, घसा कोरडाठाक. बाटली कोपऱ्यावरच्या मेडिकलात आहे आणि आपण आणायची नाही. बेसिनपाशी वाकून, तोंड उघडं ठेवून, एका नाकपुडीतून पाणी सोडायचं. ते दुसरीकडून यायलाच तयार नव्हतं. मी रडायचे, शिव्या द्यायचे आणि परत वाकायचे.

पाचव्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि काहीतरी नाकात शिरलं. उग्र, झोंबणारं, ओळखीचं. मी दुधाची पिशवी हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. जिना पुसणाऱ्या मावशी धावत आल्या. "काय झालं वयनी? पडला का?"

"वास आला हो मावशी."

"येनारच की," त्या म्हणाल्या. "फिनेल हाय त्ये."

घरात येऊन मी वेड्यासारखी हुंगत सुटले. साबण. हिंगाची डबी. यांचा टॉवेल, जो कधीच धुवायला टाकायला हवा होता. मग मसाल्याचा मोठा डबा काढला. शेवटच्या खेपेचा, म्हणजे हॉस्पिटलात जायच्या आधी मीच भाजलेला. झाकण उघडलं आणि डोळे मिटून श्वास घेतला.

तो माझा मसाला नव्हता.

वाईट नव्हता, ते कबूल. पण लवंग पुढे पुढे करत होती, बादियानाचा भपका होता आणि खोबरं-तीळ कुठे हरवलेच होते. माझ्या मसाल्याला आधी खोबऱ्याचा वास येतो. मी परत हुंगलं. तिसऱ्यांदा हुंगलं. मग यांना हाक मारली.

"हा कुणाचा मसाला आहे?"

"आपलाच," हे म्हणाले.

"अहो, मला वास येतोय."

हे स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "मंडईजवळच्या दुकानातला आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिला फोन साठेबाईंचा. त्या आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. मसाला कच्चा राहिलाय, आमटीला वास नाही, म्हणाल्या. मग आणखी पाच-सहा जणींचे. यांनी सगळ्यांची माफी मागितली, पुड्या परत आणल्या आणि दुकानातला मसाला आणून त्यात मिसळला. पुढे मिसळणंही सोडलं. मी भाजलेला मसाला गिरणीत म्हणून न्यायचा, स्कूटरवरून थेट हडपसरला अनुजाच्या माळ्यावर टाकायचा आणि येताना दुकानातला आणून माझ्या डब्यात ओतायचा. आठ महिने. माझ्याच घरात, माझ्याच ताटात, दुसऱ्याच्या मसाल्याची आमटी मी आठ महिने जेवले.

"फेकवला नाही मला तुझा," हे म्हणाले. जणू उपकारच केले.

"आठ महिने तुम्ही मला वेडं बनवलंत!"

"तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे गेली असतीस?"

"गेले असते."

"नसतीस गेलीस. दोनदा धुरी घेतली असतीस."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त संताप आला. पण मीही सोडलं नाही. "असेल. पण एकदा, एकदा तरी म्हणायचं होतं, विद्या, मसाला कच्चा झालाय. माझ्या तोंडावर. मी भांडले असते, ताट आपटलं असतं, पण मला कळलं तरी असतं की माझं नाक गेलंय हे सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. तुम्ही माझं मन जपलंत आणि माझा डोळा जायची वेळ आली."

हे गप्प बसले. पुन्हा गप्प.

अनुजाला फोन केला. ती रडत म्हणाली, "आई, बाबांनी प्रॉमिस घेतलं होतं गं माझ्याकडून. आणि तू इतकी हॅपी होतीस..."

"हॅपी नव्हते. मूर्ख होते, आणि तुम्ही मला तसंच ठेवलंत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. आजारपणाचं हे कुणी सांगत नाही. अंगातला ताप उतरतो, घरातला उतरत नाही.

एक खेप

गोळ्यांचे थोडेच दिवस उरले होते. डॉक्टरीणबाईंनी धुराजवळ जायला बंदी केली होती. मी खिडक्या सताड उघडल्या, तोंडाला मास्क लावला आणि कढई चढवली.

तो दिवस मी विसरणार नाही. धने टाकले, हलवले, मास्क जरा खाली ओढला आणि वाट बघितली. आधी कच्चट. मग काहीच नाही. आणि मग तो आला, गोडसर, उबदार, बरोब्बर तोच. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नाकातूनही वाहत होतं, पण त्याचं आता काही वाटत नाही. खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, एकेक करून सगळं भाजलं. गिरणीत स्वतः उभी राहून दळून आणलं. यांच्याकडे दिलं नाही.

पुड्या साठेबाईंना आणि आणखी सहा जणींना पाठवल्या. आता फोन मी घेणार होते.

दुसऱ्या दिवशी साठेबाईंचा फोन आला. "अगं विद्या, बरी आहेस ना आता? स्पष्टच बोलते हं. मधले सात-आठ महिने तुझा मसाला फार सुरेख होता. हा जरा गुळमट लागतोय, पूर्वीसारखा."

"पूर्वीसारखाच आहे तो," मी म्हटलं.

"तेच म्हणतेय मी. मधला जास्त बरा होता."

मी "बरं" म्हटलं आणि फोन खाली ठेवला. हे दारात उभे होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "एक अक्षर बोलू नका." बावीस वर्षं बाईने माझा मसाला खाल्ला, तो काय नाइलाजाने?

आता

गोळ्या संपल्या आणि तिसऱ्या आठवड्यात वास गेला. आधी नाजूक वास गेले, मग चहा, शेवटी हिंग. या वेळी मी रोज बसून त्याला जाताना बघितलं. डॉक्टरीणबाईंना आश्चर्य वाटलं नाही. ऑपरेशनचं बोलणं चाललंय. त्याने येईल का? "शक्यता आहे," त्या म्हणतात. शब्द मोजून वापरतात, खोटा धीर देत नाहीत. म्हणून मी त्यांच्याकडे जाते.

बाकी पुष्कळ बरं आहे, तेही लिहायला हवं. रोज संध्याकाळी पाणी खळखळून उकळते, झाकून गार करते, दोन्ही वेळा नाक धुते, स्प्रे मारते. कपाळ ठणकत नाही. थेंबांवाचून आडवी होऊन झोपते. डोळा शाबूत आहे. कृतज्ञ असायला हवं, सगळे सांगतात. मी नाही. परवा खालच्या मजल्यावरची सून शिंकणारं पोर घेऊन आली, तिला म्हटलं, बरेच दिवस झाले असतील तर आधी डॉक्टरला दाखव. तिचं तोंड एवढंसं झालं. "काकू, तुम्हीच तर म्हणायचात, सर्दी म्हणजे आजार नाही." म्हणायचेच.

मसाला अजून करते. दुकानातला मसाला माझ्या नावाने जाणार नाही, हे साठेबाईंना कळवलं. त्यांनी मागवणं बंद केलं, आणखी काही जणींनीही. उरल्या त्यांना माझाच हवा आहे. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून एक्झॉस्ट पंखा बसवला, मास्क लावते आणि थोडंथोडंच भाजते. गोळ्यांच्या शेवटच्या दिवसांत मी यांना कढईपाशी उभं केलं होतं. हा कच्चा. हा होतोय. हा झाला. दहादा हुंगायला लावलं. त्यांना कळलं, असं ते म्हणतात.

काल सकाळी धने टाकले. हे शेजारी वाकून उभे. मी हलवत होते.

"झाले?" मी विचारलं.

"थांब जरा."

आणखी हलवले. रंग तर बदलला होता.

"झाले," हे म्हणाले. "फार छान झालेत."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आठ महिने याच तोंडाने ते हेच म्हणत होते. मग मास्क खाली ओढून मी स्वतः कढईवर वाकले आणि जमेल तेवढा श्वास आत ओढला. नुसती गरम हवा आली.

मी गॅस बंद केला.